गुलाबी फितीमागे

"मला डोळे बांधून या रानात सोडा! तासाभरात फर्गसच्या बारमध्ये येऊन बियर मागतो की नाही बघा!"

असं नेव्हिल हॅग्गर्टी गेली तीस वर्षं छाती ठोकून सांगत आला होता. त्याला कोणी सोडून बघितलं नाही, कारण आमच्या रिमू क्रीकमध्ये माणसं आधीच कमी. एखादं वाया घालवणं परवडत नाही.

खरंच कमी हो! आधी कोळशाची खाण बंद पडली. मग नेवची बायको क्राइस्टचर्चला गेली, गरम पाण्याचे टब विकणाऱ्या एका इसमाबरोबर. मुलगा मेलबर्नला गेला. दाताचा डॉक्टर गेला, बँक गेली, शाळेच्या तीन वर्गांचा एक वर्ग झाला. इथे नेमाने येतो तो फक्त पाऊस, आणि तो एकदा आला की जायचं नाव काढत नाही. नेवपाशी उरली होती एकटी टेगन. त्याची मुलगी, एकोणतीस वर्षांची, ट्रकचं इंजिन नुसत्या आवाजावरून ओळखणारी. आता तीही निघाली होती. पर्थला! तिकडच्या खाणीत मशिनं दुरुस्त करायला, दुप्पट पगारावर. विमान मंगळवारचं.

दोन महिने नेव तिच्याशी बोलायला बघत होता. त्याने "टेगन, ते पर्थचं जरा—" म्हटलं की ही उठलीच. कधी चहा ठेवायला, कधी कपडे आत आणायला.

"परवा तर कोंबड्यांना दाणे टाकायला गेली," नेव गुरुवारी बारमध्ये सांगत होता. "आमच्याकडे कोंबड्या नाहीत!"

"मग आता?" फर्गसने विचारलं.

"आता शनिवारची शर्यत! मी तिचं नाव घातलंय माझ्या टीममध्ये. नियम काय आहे? टीमने एकमेकांपासून वीस पावलांच्या आत राहायचं. पाच तास! जाईल कुठे? शनिवार संध्याकाळपर्यंत तिकीट रद्द झालं नाही तर नाव बदलीन!"

शर्यत म्हणजे आमच्या गावचा वर्षाचा एकमेव सण. तिघातिघांच्या टीमा. खाणीच्या जुन्या रेल्वेवाटेने बारा किलोमीटर सायकल दामटायची, मग सायकली टाकून नकाशा घेऊन रानात शिरायचं, लपवून ठेवलेले सहा झेंडे शोधायचे, प्रत्येक झेंड्याला टांगलेल्या चिमट्याने आपल्या कार्डाला भोक पाडायचं आणि परत सायकलवर घरी. शेवटी सगळ्यांना पावात घालून सॉसेज. तिसरा गडी म्हणून नेवने हेमी टाफाईला धरलं. हेमी त्याचा खाणीतला जोडीदार. बोलायला महाग, गुडघ्याने अधू, पण नाही म्हणता येत नाही हा त्याचा जन्माचा दोष.

शनिवारी सकाळी नऊला रिपरिप चालूच होती. नोलीनबाई टेबलावर उभ्या राहून भोंग्यातून सूचना देत होत्या. सत्तरीच्या या बाईंनी गावातल्या प्रत्येकाला दुसरीत शिकवलंय, त्यामुळे त्या बोलायला लागल्या की साठ वर्षांचे बाप्येही खिशातून हात बाहेर काढतात.

"फोन पिशवीत टाकून सील करा! शिट्टी गळ्यात! आणि नीट ऐका, तिसऱ्या झेंड्यानंतर वाट नवीन आहे. नकाशावर नाही. गुलाबी फीत बांधलीय झाडांना, तिच्यामागे जायचं. हॅग्गर्टी, लक्ष कुठे आहे?"

"इकडेच आहे, बाई!"

लक्ष कुठलं इकडे! नेवचं लक्ष हँडलवर होतं. बाकीचे लोक हँडलला चिकटपट्टी लावून तिच्यावर वळणांची टिपणं लिहितात. नेवने लिहिली होती पर्थला न जाण्याची कारणं. एक, उकाडा. दोन, साप. तीन, माश्या. चार, घरभाडं. पाच, ऑस्ट्रेलियन माणसं. सहा, क्रिकेटमध्ये आपल्याला शेवटचा चेंडू सरपटी टाकणारा देश. सातव्या जागी नुसताच आकडा होता.

भोंगा वाजला. नेवचा बेत असा होता की जुन्या ट्यूबचा पट्टा आपल्या सीटला बांधायचा, दुसरं टोक टेगनच्या हँडलला, आणि बापाने मुलीला ओढत न्यायचं. ओढता ओढता उकाड्यापासून सुरुवात. दुसऱ्या चढावर त्याला घेरी आली. टेगनने मुकाट्याने सायकल पुढे काढली, पट्टा उलटा बांधला, आणि आमच्या डोळ्यांदेखत मुलीने बापाला बंद पडलेल्या ट्रॅक्टरसारखं ओढत नेलं!

"टेगन!" नेव मागून धापा टाकत ओरडला. "तिकडे— चव्वेचाळीस डिग्री—"

"काय?"

"उकाडा!"

"बाबा, पायडल मार!"

सायकली ठेवायच्या जागी पोचेपर्यंत चिकटपट्टीवरची शाई पावसाने पार वाहून गेली होती. वाचता येत होतं ते फक्त "साप" आणि "सात".

"हे काय लिहिलंयस?" टेगनने वाकून बघितलं.

"वळणं."

"सापवळण कुठलं? आणि सातपुढे काय?"

"लिहायचं राहिलं," नेव म्हणाला आणि हेल्मेटचा बंद सोडवायला लागला.

पहिले तीन झेंडे झटपट सापडले. नेव रानात खरंच पटाईत आहे, उगाच खोटं का सांगा! तिसऱ्या झेंड्याशी कार्डाला भोक पाडलं आणि समोर ओढ्यापलीकडे गुलाबी फीत दिसली. "चला!" म्हणून नेव घुसला. बोलण्याच्या नादात त्याने डावीकडे बघितलंच नाही. डावीकडे दहा पावलांवर दुसरी गुलाबी फीत होती, कोरी करकरीत. ती नोलीनबाईंची.

आता इथे मेख अशी आहे की आमच्याकडे रानात उंदीर आणि मुंगसासारखे चोरटे स्टोट फार. पक्ष्यांची अंडी खातात. त्यांच्यासाठी गावकऱ्यांनी लाकडी खोक्यांत सापळे लावलेत, आणि त्या वाटेलाही गुलाबीच फीत असते. नोलीनबाईंनी फितीचं रीळ सापळेवाल्यांच्याच कपाटातून उचललं होतं! नवं कशाला घ्या? काटकसर! आमच्या गावाचं बरंचसं वाटोळं काटकसरीनेच झालंय.

तर नेव गुलाबी फितीमागे चालला होता. मागे टेगन, तिच्यामागे लंगडत हेमी.

"साप घे," नेव म्हणत होता. "आपल्याकडे एक तरी साप आहे का? नाही. तिकडे बुटात साप, अंथरुणात साप, संडासात—"

"संडासात बेडूक असतात म्हणे," टेगन म्हणाली.

नेव दचकला. उत्तर दिलं! दोन महिन्यांत पहिल्यांदा! उठून गेली नाही, कोंबड्या नाहीत, काही नाही!

आणि नेमक्या त्याच क्षणी त्याला वाटेच्या कडेला लाकडी खोकं दिसलं. पुढे जाळी, वर पांढऱ्या रंगात आकडा, चौदा. ही सापळ्यांची वाट! तीस वर्षांची फुशारकी, आणि पोराटोरांच्या शर्यतीत वाट चुकला! आत्ताच्या आत्ता मागे वळायला हवं. पाव तास गेला असता, फार तर.

त्याने तोंड उघडलं.

"बेडूक हिरवे असतात का गं?" त्याने विचारलं.

"असतील," टेगन म्हणाली. "मी फोटो बघितलाय एक."

नेव पुढे चालायला लागला. सापळ्यांची वाट पार वरच्या धारेवर जाते आणि मोठा वळसा घालून खाली येते. तीन तास तरी लागणार. नेवने मनात हिशेब केला आणि त्याला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. पण आता आली का पंचाईत! ज्या माणसाला वाट ठाऊक आहे त्याने वाट शोधण्याचं सोंग आणायचं. तो दर दहा मिनिटांनी थांबायचा, होकायंत्र कानाशी नेऊन हलवायचा, कपाळाला आठ्या घालायचा.

"झेंडा आता जवळच असणार," तो म्हणायचा.

"बाबा, नकाशा उलटा धरलायस."

"मुद्दाम धरलाय! तसं जास्त समजतं!"

हेमीने फक्त एक सुस्कारा सोडला.

सतरा नंबरच्या खोक्यापाशी टेगन थांबली. खोक्याचा रंग उडाला होता, पण बाजूला पिवळं काहीतरी अजून दिसत होतं. कसलंसं चार पायांचं जनावर, आणि खाली वेडीवाकडी अक्षरं. "टेगन एच., वय ९."

"अरे! हे माझं!" ती गुडघ्यांवरच बसली. "नोलीनबाईंनी शाळेत रंगवून घेतली होती! हा किवी काढलाय मी!"

"मला वाटलं डुक्कर," हेमी म्हणाला. दिवसभरातलं त्याचं हे पहिलं वाक्य.

आत सापळ्यात एक उंदीर होता, महिनाभर तरी जुना. नेवने वाकून बघितलं. त्याला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. शपथेवर सांगतो, चांगलंच बोलायचं होतं.

"वीस वर्षं झाली," तो म्हणाला, "तरी हा सापळा बघ, जागा सोडली नाही याने."

टेगन उठली. चेहरा उतरला. नेवने जीभ चावली, पण सुटलेला शब्द परत थोडाच येतो! हेमीने दोघांकडे आळीपाळीने बघितलं, खाली बसला, उंदीर फेकला, खिशातून पान्यासारखं काहीतरी काढून सापळा परत ताणला आणि आपल्या डब्यातलं उकडलेलं अंडं आत ठेवलं. शर्यतीत कोण सापळ्याचा पाना खिशात घेऊन येतं? नेवला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण नेव स्वतःच्याच मूर्खपणावर चरफडत होता.

धारेवर पोचले तेव्हा ढग अंगावर आले होते. तिघं एका कललेल्या झाडाखाली बसले आणि ओला पाव खाल्ला. खालून शिट्ट्या ऐकू आल्या. मग हाका.

"कोणीतरी हरवलंय वाटतं," टेगन म्हणाली.

"शहरातली टीम असेल," नेव म्हणाला. "होकायंत्र बघता येत नाही लेकांना! धीर द्यायला हवा." त्याने गळ्यातली शिट्टी काढून तीनदा जोरात फुंकली. खालच्या शिट्ट्या एकदम वाढल्या. त्याने पुन्हा तीनदा फुंकली.

आता तीन शिट्ट्या म्हणजे जीव धोक्यात, हे नोलीनबाईंनी सकाळीच सांगितलं होतं. पण सकाळी लक्ष कुठे होतं? शर्यत दोनलाच संपली होती. सगळ्या टीमा परत आल्या होत्या, एक सोडून. बाईंनी आधी चार माणसं पाठवली होती. तीन शिट्ट्या ऐकल्यावर त्यांनी अग्निशमनाचा भोंगा वाजवायला लावला. फर्गसने बार बंद केला, जो त्याने स्वतःच्या लग्नाच्या दिवशीही केला नव्हता. सॉसेजखालचा जाळ विझवला. चाळीस माणसं पावसात नेवला शोधत रानात शिरली आणि इकडे नेव वरून त्यांना धीर देत होता!

"बिचारे," नेव म्हणाला. "भोंगा वाजवलाय म्हणजे गंभीर दिसतंय."

नेवने मनातली यादी चाळली. माश्या झाल्या, घरभाडं झालं. सरपटी चेंडूवर ती हसलीसुद्धा होती. आता सातवं. त्याने घसा खाकरला.

"टेगन. सातव्या नंबरचं—"

"बाबा, मी सांगू?" टेगन पावाचा तुकडा हातात फिरवत म्हणाली. "आई गेली तेव्हा स्टँडवर सोडायला मी गेले. दादाला विमानतळावर मी सोडलं. शाळेतल्या सगळ्यांना, एकेकीला, मीच सोडून आले. दर वर्षी कोणीतरी जातं आणि मी हात हलवते. मला पर्थचं काही पडलेलं नाही रे. एकदा तरी मला सोडायला कोणीतरी यावं, इतकंच."

नेवला काहीतरी बोलायला हवं होतं. सातवं कारण जिभेवर आलं होतं. जाऊ नकोस, तुझ्याशिवाय मला कोणी नाही. एवढंच तर होतं. पण हे ऐकल्यावर ते कुठल्या तोंडाने बोलणार? बोललं तर ती थांबली असती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि तिथेच त्याचं घोडं अडलं.

"सात नंबरला वळण होतं," तो म्हणाला. "राहिलं मागे."

हेमीने नाक शिंकरलं आणि म्हणाला, "चला, माझा गुडघा गार पडतोय."

साडेपाचला ते शर्यतीच्या मैदानावर उतरले. समोर सगळं गाव! कोणी चिखलात बरबटलेलं, कोणी ब्लँकेट गुंडाळलेलं, अग्निशमनाची गाडी, कुत्री. नेव म्हणाला, "सापडले का ते हरवलेले?"

सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या.

"नेव्हिल हॅग्गर्टी," नोलीनबाई म्हणाल्या. त्यांनी भोंगा वापरला नाही, त्यामुळे जास्तच भीती वाटली. "इकडे ये. कुठे होतास?"

नेवच्या सगळं लक्षात आलं. "मी... आम्ही... फीत गुलाबी होती, बाई."

"सापळ्यांची वाट होती ती! तूच तर दर वर्षी सांगतोस, या रानातलं झाड न् झाड ओळखतो म्हणून. तुला सापळ्याचं खोकं कळलं नाही? अठ्ठावीस खोकी आहेत त्या वाटेवर! की मुद्दाम गेलास?"

चाळीस ओली माणसं उत्तराची वाट बघत होती. मुद्दाम म्हटलं असतं तर तीस वर्षांची अब्रू वाचली असती. पण का मुद्दाम, हे मग टेगनसमोर सांगावं लागलं असतं. नेवने तिच्याकडे बघितलं, मग बुटांकडे.

"हरवलो होतो, बाई," तो म्हणाला.

"मोठ्याने!" फर्गस ओरडला.

"हरवलो होतो!"

मग जो हशा उठला तो काय सांगू! लोक एकमेकांच्या गळ्यात पडून हसत होते. फर्गसने जाहीर केलं की ही तारीख बारच्या भिंतीवर रंगवून घेणार, आणि त्याने ती घेतलीय, येऊन बघा. नेव खाली मान घालून उभा होता. त्याला कोणीतरी चहा दिला आणि थंडगार सॉसेज.

तिघं गाडीच्या मागच्या फळीवर बसले.

"बाबा," टेगन हळूच म्हणाली. "मला सतराला कळलं होतं. माझंच खोकं होतं ते, मला कळणार नाही?"

नेव तिच्याकडे वळला. "मग बोलली का नाहीस?"

"तू कुठे बोललास?"

"मला चौदाला कळलं," नेव म्हणाला.

दोघांनी हेमीकडे बघितलं. हेमी सॉसेज चावत होता.

"ती खोकी मीच ठोकलीत," हेमी म्हणाला. "गेल्या महिन्यापासून तपासायची राहिली होती."

"अरे, मग सांगायचं नाहीस का?"

"मला कोणी विचारलं?"

नेव हसला, मग टेगन हसली, आणि जरा वेळाने नेवने चहाच्या कपात बघतच विचारलं, "मंगळवार?"

"मंगळवार," टेगन म्हणाली.

मंगळवारी नेव तिला सोडायला गेला. आमच्याकडचा विमानतळ म्हणजे एक खोली आणि चार खुर्च्या. धुकं होतं. काउंटरवरच्या बाईने सांगितलं की क्राइस्टचर्चपर्यंतचं पहिलं विमान चाळीस मिनिटं उशिरा सुटणार. नेवचा चेहरा असा फुलला, की त्या बाईला वाटलं याने नीट ऐकलं नसावं, म्हणून तिने परत सांगितलं.

चाळीस मिनिटं! अख्खी चाळीस मिनिटं! दोघं भिंतीकडे बघत बसले. तिथल्या टीव्हीवर पर्थला कडक ऊन पडलं होतं. शेवटी नेवने तिला पर्थमध्ये सायकल घेतलीस तर चाकात हवा किती भरायची ते सांगायला सुरुवात केली. मागच्या चाकात किती, पुढच्या चाकात किती, वाळू असेल तर किती. जी मुलगी विमानाचं इंजिनही खोलून परत बसवेल, तिला हा हवा भरायला शिकवत होता! ती मान डोलवत ऐकत होती.

तेवढ्यात नाव पुकारलं. माणसं उठली, बॅगा उचलल्या. टेगनही उठली, दारापर्यंत गेली, आणि परत आली.

"बाबा, मागच्या चाकात किती म्हणालास?"

नेवने सांगितलं. मघाशी सांगितलेल्यापेक्षा वेगळाच आकडा सांगितला.

"आणि पुढच्या?" तिने विचारलं.